‘हार्वी’ (१९५०): न दिसणाऱ्या सशाच्या सिनेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने हॉलिवूडपट पाहणाऱ्या कुणाहीपुढे ‘हार्वी’चं नाव काढलं की तेच तेच प्रश्न येतात. ससा दिसतो का, तो खरा आहे का, हा माणूस वेडा आहे का, मूळ नाटक कसं होतं. या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शेवटाबद्दलचा प्रश्न वेगळा ठेवला आहे. सिनेमा अजून पाहिला नसेल तर तेवढा सोडून बाकीचं वाचायला हरकत नाही.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

एलवुड पी. डाउड हा अमेरिकेतल्या एका गावातला चाळिशीतला अविवाहित माणूस. आईच्या मागे घर आणि पैसाअडका त्याच्याकडे आला आहे. नोकरीधंदा काही नाही. दिवसभर तो गावात फिरतो, बारमध्ये बसतो, भेटेल त्याच्याशी गप्पा मारतो आणि भेटेल त्याला आपलं कार्ड देऊन जेवायला बोलावतो. त्याच्यासोबत सतत एक मित्र असतो. हा मित्र म्हणजे माणसाहून उंच असा पांढरा ससा, त्याचं नाव हार्वी. तो एलवुडशिवाय कुणाला दिसत नाही.

एलवुडच्याच घरात त्याची विधवा बहीण वीटा आणि तिची लग्नाची मुलगी मर्टल मे राहतात. घरी चार प्रतिष्ठित बायका आल्या की एलवुड येऊन त्यांची हार्वीशी ओळख करून देतो, आणि बायका पर्स उचलून निघून जातात. अशाने मुलीचं लग्न कसं जमायचं, या काळजीने वीटा भावाला मनोरुग्णालयात ठेवायला निघते. तिथे तरुण डॉक्टर तिलाच रुग्ण समजून आत टाकतो आणि एलवुडची माफी मागून त्याला सोडून देतो. पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

मूळ नाटक कुणाचं?

मेरी चेस यांचं. त्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातल्या, आयरिश वंशाच्या. तरुणपणी ‘रॉकी माउंटन न्यूज’ या वर्तमानपत्रात त्या वार्ताहर होत्या. १९३७ साली त्यांचं एक नाटक न्यूयॉर्कला गेलं होतं, पण ते चाललं नाही. त्या डेन्व्हरला परतल्या, घर आणि मुलं सांभाळत लिहीत राहिल्या.

‘हार्वी’चं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आहे. चेस यांच्या शेजारी एक बाई राहत होती. तिचा मुलगा युद्धात मारला गेला होता. रोज सकाळी ती घरासमोरून कामाला जाताना त्यांना दिसायची. या बाईला पुन्हा हसू येईल असं आपल्याला काही लिहिता येईल का, या विचारातून नाटक सुरू झालं. लहानपणी आयरिश मामांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्या मदतीला आल्या. मसुदे बरेच झाले. सुरुवातीच्या एका मसुद्यात सशाऐवजी भलामोठा कॅनरी पक्षी होता. शेजारच्या बाईचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘हार्वी’ हलकंफुलकं आहे असं म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना त्यामागचं दुःख माहीत नसतं.

नाटक १ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्रॉडवेच्या फॉर्टीएट्थ स्ट्रीट थिएटरमध्ये आलं. निर्माते ब्रॉक पेम्बर्टन, दिग्दर्शिका अँटोनेट पेरी. पेरीबाईही जन्माने डेन्व्हरच्याच, आणि अमेरिकन रंगभूमीचे टोनी पुरस्कार त्यांच्याच नावाने दिले जातात. जानेवारी १९४९ पर्यंत नाटकाचे १,७७५ प्रयोग झाले. १९४५ चं नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. त्याच हंगामात टेनेसी विल्यम्स यांचं ‘द ग्लास मिनाजरी’ न्यूयॉर्कला आलं होतं आणि समीक्षक मंडळाचा पुरस्कार त्याला मिळाला. पुलित्झर चुकीच्या नाटकाला गेलं असा वाद अजूनही घातला जातो. दोन नाटकांची जातकुळी इतकी वेगळी आहे की मला त्या वादात अर्थ दिसत नाही.

हार्वी नक्की आहे तरी कोण? भूत?

भूत नाही. तो ‘पूका’ आहे. आयरिश लोककथांमध्ये पूका प्राण्याचं रूप घेऊन फिरतो. कधी घोडा, कधी बोकड, कधी ससा. खोड्या काढतो, पण मनात आणलं तर भलंही करतो. कोकणात आणि गोव्यात देवचाराबद्दल जे बोललं जातं ते ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना पूका समजायला वेळ लागणार नाही. तो असतो, त्याचा मान ठेवायचा असतो, आणि तो कुणाला दिसेल हे तोच ठरवतो.

सिनेमात रुग्णालयाचा रखवालदार विल्सन ज्ञानकोशात पूकाची माहिती वाचतो. वाचता वाचता ते पानच त्याचं नाव घेऊन त्याची विचारपूस करतं. विल्सन कोश झटकून पाहतो. सिनेमातला हा माझा सगळ्यात आवडता विनोद आहे, कारण सशाच्या बाजूने पहिला पुरावा इथे मिळतो, तोही छापील.

ससा पडद्यावर दिसतो का?

एका तैलचित्रात दिसतो. एलवुड स्वतःचं आणि हार्वीचं चित्र काढून घेतो आणि दिवाणखान्यात आईच्या चित्राच्या जागी ठेवतो. बसलेला एलवुड आणि त्याच्या खांद्यामागे उभा असलेला, बो-टाय लावलेला ससा. बाकी पूर्ण सिनेमात हार्वीची जागा रिकामी आहे.

नाटकाच्या तयारीत सशाच्या पोशाखातला नट रंगमंचावर आणून पाहिला होता. तो विचार लगेच सोडून दिला गेला आणि तो निर्णय नाटकाला तारून गेला. पोशाख घातलेला माणूस दिसला की प्रेक्षक पोशाखच पाहतो. रिकामी जागा दिसली की तो नटाकडे पाहतो, नट कुठे पाहतोय ते पाहतो, आणि थोड्या वेळाने स्वतःही तिकडेच पाहू लागतो.

दिग्दर्शक हेन्री कॉस्टर यांनी कॅमेऱ्याची चौकटही याच हिशेबाने ठेवली आहे. एलवुड रस्त्याने चालतो तेव्हा तो चौकटीच्या मध्यभागी नसतो. बाजूला एका मोठ्या सोबत्यापुरती जागा सोडलेली असते. ही सूचना एलवुड झालेल्या जेम्स स्ट्युअर्टची होती असं सांगितलं जातं. पहिल्याच दृश्यात एलवुड घराच्या फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा हार्वीला आधी जाऊ देतो. काही सेकंदांचा अभिनय आहे, पण सिनेमाचा सगळा करार त्यातच होतो. इथे कुणीतरी आहे, आणि एलवुड त्याच्याशी अदबीने वागतो.

हार्वीची उंची किती?

सिनेमात ६ फूट साडेतीन इंच सांगितली आहे. स्वतः स्ट्युअर्टही जवळपास तेवढाच उंच होता, तरी तो बोलताना मान वर करून पाहतो. कान धरून मोजा.

नाटक आणि सिनेमा यांत फरक काय?

पटकथा मेरी चेस यांनीच ऑस्कर ब्रॉडनी यांच्याबरोबर लिहिली, त्यामुळे संवादांचा मोठा भाग मूळचाच आहे. नाटक तीन अंकी, आणि त्यात दोनच स्थळं आहेत. डाउड यांच्या घरातली पुस्तकांची खोली आणि ‘चम्लीज रेस्ट’ या रुग्णालयातली स्वागताची खोली. सिनेमात रस्ता आहे, बस आहे, रुग्णालयाचं आवार आहे, आणि मुख्य म्हणजे चार्लीचा बार आहे.

या बारमुळे एलवुड समजायला मदत होते. नाटकात तो बारमध्ये काय करतो हे त्याच्या तोंडून कळतं. सिनेमात ते आपण पाहतो. तो दोन मार्टिनी मागवतो, एक आपल्यासाठी आणि एक हार्वीसाठी, आणि बारवाल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या माणसाचीही एलवुड तितक्याच आदराने चौकशी करतो. घरातल्या बायकांच्या मेळाव्यात जे अशक्य आहे ते या बारमध्ये रोज सहज घडतं.

उणी बाजूही आहे. रुग्णालयातला तरुण डॉक्टर सँडरसन आणि नर्स केली यांचं प्रेमप्रकरण रंगमंचावर खपून जातं, पडद्यावर ते अडखळतं. मर्टल मे आणि विल्सन यांचं जुळणं तर ओढूनताणून आणल्यासारखं आहे.

या भूमिकेसाठी जेम्स स्ट्युअर्टच का?

रंगभूमीवर एलवुड गाजवला तो फ्रँक फे या नटाने. १९४७ च्या उन्हाळ्यात फे सुट्टीवर गेला तेव्हा स्ट्युअर्टने काही आठवडे त्याच्या जागी काम केलं, पुढच्या वर्षी पुन्हा केलं. तो तेव्हा मोठा स्टार होता, तरी बदली नट म्हणून उभं राहायला त्याने कमीपणा मानला नाही. त्याला ही भूमिका मनापासून हवी होती.

युनिव्हर्सल इंटरनॅशनल या कंपनीने नाटकाचे हक्क दहा लाख डॉलरना घेतले होते. त्या काळातला तो विक्रमी भाव. स्ट्युअर्टला त्याचं नेहमीचं मानधन देणं कंपनीला जड जात होतं. तेव्हा त्याचा एजंट ल्यू वॉसरमन याने तोडगा काढला. स्ट्युअर्टने ‘हार्वी’ आणि ‘विंचेस्टर ’७३’ हे दोन सिनेमे करावेत आणि रोख मानधनाऐवजी नफ्यात वाटा घ्यावा. ‘विंचेस्टर ’७३’ जोरात चालला आणि स्ट्युअर्टला मानधनापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. मोठ्या नटांनी नफ्यात वाटा मागायची पद्धत हॉलिवूडमध्ये रुळली ती या करारानंतर.

आता अभिनयाबद्दल. स्ट्युअर्ट युद्धात बॉम्बर विमानं उडवून आला होता. युद्धानंतरच्या त्याच्या चेहऱ्यावर एक थकवा आहे, आणि तो एलवुडमध्येही आहे. फक्त गोड, भोळा एलवुड कुणीही केला असता. स्ट्युअर्टचा एलवुड बोलता बोलता मध्येच गप्प होतो, आणि या माणसाने काहीतरी सोसलं आहे असं वाटून जातं. काय सोसलं ते सिनेमा सांगत नाही.

बहिणीचं काम करणारी बाई कोण?

जोसेफीन हल. ब्रॉडवेवर पहिल्या प्रयोगापासून वीटा त्याच करत होत्या. सिनेमे त्यांनी अगदी मोजके केले. ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मधल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक त्याच. ‘हार्वी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

माझ्या मते हा सिनेमा जितका स्ट्युअर्टचा आहे तितकाच हलबाईंचा आहे. रुग्णालयातून सुटून घरी आल्यावर, केस विस्कटलेले, टोपी वाकडी, अशा अवस्थेत आपल्यावर काय प्रसंग गुदरला ते वीटा सांगते. त्या सांगण्यात अपमान आहे, लाज आहे, राग आहे, आणि तरी आपण हसतो. वीटा दुष्ट नाही. भावावर तिची माया आहे आणि लोक काय म्हणतील याची तिला धास्ती आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. विल्सन झालेले जेसी व्हाइटही मूळ नाटकातलेच.

मग हार्वी खरा, की एलवुडचा भास?

खरा. याबाबत सिनेमा संदिग्ध आहे असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. ज्ञानकोशाचं पान विल्सनशी बोलतं. दारं आपोआप उघडतात. कानांसाठी दोन भोकं पाडलेली हॅट सापडते. वीटा डॉक्टरांजवळ कबूल करते की अधूनमधून तो ससा तिलाही दिसतो. शेवटी रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर चम्ली स्वतः हार्वीशी बोलून बसतात.

इतके पुरावे दिल्यावर प्रश्न बदलतो. ससा आहे हे मान्य, आता त्याच्यासोबत राहणाऱ्या या माणसाला बरं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं की जगात एकतर फार हुशार व्हावं लागतं, नाहीतर फार प्रेमळ. कित्येक वर्षं हुशार राहून पाहिल्यावर त्याने दुसरा मार्ग निवडला. हा भ्रमिष्टाचा बडबडाट नाही, विचार करून घेतलेला निर्णय आहे. एलवुड कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नाही. नाव विचारतो आणि ते लक्षात ठेवतो. भेटू या म्हणाला तर कधी भेटायचं तेही लगेच विचारतो. आजूबाजूच्या शहाण्या माणसांपैकी एकही असं वागत नाही. सिनेमाचं म्हणणं इथे आहे, सशात नाही.

एलवुड दारुडा आहे ना? सिनेमा त्याचं कौतुक करतो का?

हो, तो भरपूर पितो. सिनेमा त्याला कधी झोकांड्या खाताना दाखवत नाही, आणि दारूने घरं कशी मोडतात हेही दाखवत नाही. ज्यांनी घरात ते पाहिलं आहे त्यांना हा भाग खटकेल, आणि तसं खटकणं रास्तच आहे.

पण चार्लीच्या बारपाशी एलवुड डॉक्टर आणि नर्सला जे सांगतो ते नीट ऐकावं. अनोळखी माणसं त्याच्या टेबलाशी येतात. त्यांनी केलेल्या भयंकर गोष्टी आणि पुढे करणार असलेल्या अचाट गोष्टी त्याला सांगतात. मग तो त्यांची हार्वीशी ओळख करून देतो, आणि ती माणसं सहसा परत येत नाहीत. एलवुड हे हसून सांगतो, मनाला लावून घेत नाही. तरी त्या दोन-तीन वाक्यांत त्याचं एकटेपण आहे. सिनेमा कौतुकाच्या भरात ते लपवत नाही.

मनोरुग्णालयाची दृश्यं आज पाहवतात का?

काही पाहवत नाहीत. वीटाला जबरदस्तीने उचलून नेऊन तिचे कपडे उतरवून टबात घालतात, हे विनोदासाठी वापरलं आहे. त्या काळात अमेरिकेत माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध डांबणं आणि त्यांच्यावर कठोर उपचार करणं सर्रास चालायचं. चेस यांचा रोख त्या अधिकारावरच आहे. कोण वेडा हे ठरवायला डॉक्टरला पाच मिनिटं पुरतात, आणि तो साफ चुकतो. रोख बरोबर आहे. पण बाईच्या भीतीवर हशा पिकवला आहे, आणि तो मला अजून टोचतो.

शेवट काय होतो? (सिनेमा पाहिला नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा.)

एक इंजेक्शन दिलं की एलवुडला हार्वी दिसणं बंद होणार असतं. वीटाची तशी इच्छा आहे म्हटल्यावर तो तयार होतो. बहिणीला हवं ते मिळावं, एवढंच त्याचं कारण. तो आत जातो आणि इकडे टॅक्सीवाला भाडं मागायला येतो. वीटाला पैशांची पिशवी सापडत नाही, म्हणून एलवुडला बाहेर बोलवावं लागतं. तो टॅक्सीवाल्याची आपुलकीने विचारपूस करतो आणि त्यालाही जेवायला बोलावतो.

मग टॅक्सीवाला वीटाला सांगतो ते सिनेमाचं शिखर आहे. तो वर्षानुवर्षं माणसांना इथे आणतो. येताना ती त्याच्याशी बोलतात, थांबून सूर्यास्त पाहतात, पक्षी पाहतात, भरघोस टिप देतात. इंजेक्शन घेऊन परतताना तीच माणसं खेकसतात, घाई करतात, त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. हा तुमचा भाऊही आता चारचौघांसारखा होईल, असं तो म्हणतो. वॉलेस फोर्ड या नटाने हे भाषण कसलाही आव न आणता, रोजचं काम सांगावं तसं म्हटलं आहे. वीटा धावत जाऊन इंजेक्शन थांबवते. पैशांची पिशवी मग तिच्या पर्समध्येच सापडते. ती कुणी लपवली हे सांगायला नको.

दरम्यान हार्वीची आणखी एक शक्ती कळलेली असते. तो घड्याळ थांबवू शकतो. हवं तिथे, हवं त्याच्याबरोबर, हवा तितका काळ जाऊन या, परत येईपर्यंत इथे एक मिनिटही सरलेलं नसतं. हे ऐकून डॉक्टर चम्ली विरघळतात. त्यांचं स्वप्न साधं आहे. अ‍ॅक्रन गावी एका अनोळखी बाईसोबत गार बीअर पीत बसायचं, आणि तिने त्यांची कीव करत हळहळायचं. आयुष्यभर लोकांना तपासणाऱ्या माणसाला आपलं ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं. त्यांना हार्वी हवासा वाटतो आणि एलवुड त्याला राहू देतो. फाटकापर्यंत तो एकटा जातो. मग हार्वी मागून येतो, कारण त्यालाही एलवुडच जास्त आवडतो.

स्ट्युअर्टला ऑस्कर मिळालं का?

नामांकन मिळालं. पुरस्कार होजे फेरर यांना गेला, ‘सिरानो द बर्जराक’साठी. तोही नाटकावरचाच सिनेमा.

नंतर हे नाटक कुणी केलं?

स्ट्युअर्टनेच १९७० साली ब्रॉडवेवर हेलन हेज यांच्याबरोबर केलं, १९७२ मध्ये दोघांनी दूरचित्रवाणीसाठी केलं, आणि १९७५ मध्ये स्ट्युअर्ट ते लंडनला घेऊन गेला. वयाच्या साठीत त्याला ही भूमिका जास्त शोभली, असं म्हणणारे बरेच आहेत. २०१२ साली ब्रॉडवेवर जिम पार्सन्स एलवुड झाला होता. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये केलेल्या सर्वोत्तम दहा फँटसी सिनेमांच्या यादीत ‘हार्वी’ सातवा आहे.

मुलांना दाखवावा का? भाषा कितपत कळते?

दहा-बारा वर्षांच्या मुलांना जरूर दाखवा. दारूबद्दल आणि रुग्णालयाबद्दल त्यांच्याशी बोलावं लागेल, ते टाळू नका. ससा प्रत्यक्ष दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं शेवटपर्यंत वाट पाहत बसतात. स्ट्युअर्टची बोलण्याची पद्धत अडखळती आहे आणि हलबाई भरभर बोलतात, म्हणून सबटायटल्स लावा. सिनेमा कृष्णधवल आहे, १०४ मिनिटांचा. पहिली पंधरा-वीस मिनिटं संथ वाटली तरी वीटा रुग्णालयात पोचेपर्यंत थांबा.

हा आवडला तर याच वळणाचं आणखी काय पाहावं?

नाटकावरून केलेल्या हॉलिवूडच्या जुन्या फँटसी सिनेमांपैकी दोन सुचवतो. ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ (१९४१) हॅरी सीगल यांच्या नाटकावर आहे. त्यात एका मुष्टियोद्ध्याला वेळेआधीच वर नेलं जातं आणि मग त्याच्यासाठी दुसरं शरीर शोधावं लागतं. ‘बेल, बुक अँड कँडल’ (१९५८) जॉन व्हॅन ड्रूटन यांच्या नाटकावर आहे. त्यात न्यूयॉर्कमधली चेटकीण किम नोव्हाक आहे आणि तिच्या मंत्रात सापडलेला माणूस पुन्हा जेम्स स्ट्युअर्टच. आधी ‘मिस्टर जॉर्डन’ पाहा. त्याची पटकथा जास्त बांधीव आहे.